लॅपटॉपमधली जुनी तारीख

आमच्या ह्यांना सगळे ‘कानवाले’ म्हणतात. ऐकू येण्याचं मशीन शिट्टी मारायला लागलं, किंवा वापरणारा माणूस गेला आणि मशीन तेवढं मागे राहिलं, की लोक आमचा जिना चढतात. हे ते मशीन उघडतात, साफ करतात, वायरीने लॅपटॉपला जोडतात आणि ज्याला हवंय त्याच्या कानाचं माप त्यात भरून देतात. ह्यांचा स्वतःचा डावा कान लहानपणीच गेला आणि उजवा गेली तीस वर्षं थोडा थोडा जातोय. म्हणजे बहिऱ्याने बहिऱ्यांची सोय करायची, असा आमचा धंदा. पण पोटापाण्याचं भागत होतं.

लॅपटॉप एका बंद पडलेल्या दवाखान्यातून सेकंडहँड आणलेला, आतल्या प्रोग्रामसकट. विटेएवढा जाड. झाकणाची एक बिजागरी तारेने बांधलेली, बटणांवरची अक्षरं निम्मी पुसलेली. मी त्याला सवत म्हणायचे. पण अकरा वर्षांत त्याने एकदाही दगा दिला नाही. सवतीबद्दल इतकं चांगलं बोलणारी मी एकटीच असेन.

माझी नोकरी आवक-जावक विभागात झाली. एकतीस वर्षं आलेल्या प्रत्येक कागदावर मी तारखेचा शिक्का मारला. सकाळी आधी शिक्क्याची तारीख फिरवायची, मगच चहा. अजूनही भिंतीवर मागच्या महिन्याचं पान दिसलं तर माझ्या घशाखाली घास उतरत नाही. सवयीचा गुलाम म्हणतात तो हाच.

मंगळवारी ह्यांच्या कानातलं मशीन एकाएकी बंद पडलं. हे मुळीच घाबरले नाहीत. त्याच जातीचं दुसरं मशीन ड्रॉवरमध्ये होतं आणि ह्यांच्या कानाचं माप लॅपटॉपमध्ये. “पाच मिनिटांचं काम आहे,” असं मोठ्याने सांगून हे सेल आणायला खाली गेले.

लॅपटॉप चालूच होता. एरवी मी त्याला हात लावत नसे, पण त्या दिवशी पडदा पुसायला घेतला आणि कोपऱ्यातल्या तारखेवर नजर गेली. अकरा वर्षांपूर्वीची तारीख! ह्यांचा गबाळेपणा मला नवा नव्हता, पण ही कमाल झाली. मी तारीख नीट केली. मग सगळं ठीक चाललंय ना, म्हणून प्रोग्राम उघडला. पडद्यावर चौकट आली: मुदत संपली.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मुळात तो प्रोग्राम महिनाभर वापरून बघण्यापुरता दिलेला होता. मी अंघोळीला गेले की हे रोज गुपचूप तारीख मागे सरकवायचे आणि तो महिना अकरा वर्षं पुरवायचे. मला सांगितलं नाही, कारण मी लबाडी म्हटलं असतं. आणि म्हटलंच असतं. मी घाईघाईने जुनी तारीख परत घातली. चौकट जाईना. जिन्यात ह्यांची पावलं वाजली आणि मी झाकण मिटून स्वयंपाकघरात गेले.

हे आले, वायर जोडली, चौकट बघितली. तारीख तपासली, ती तर ह्यांनी ठेवलेली जुनीच होती. ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. “डिस्क गेली वाटतं,” म्हणाले. “म्हातारा झाला गं हा.”

मी मान डोलावली. त्या मान डोलावण्याची मला आजही लाज वाटते.

पुढचे दोन दिवस घर खायला उठलं. पाळणाघरात काम करणारी एक बाई मशीन न्यायला आली. तिने विचारलं, “झालं का काका?” हे म्हणाले, “चहा? घेऊ की.” ह्यांच्या ओठांवरून शब्द ओळखून ती हसली, मग ह्यांनाच ऐकू येत नाही हे तिच्या लक्षात आलं. तिलाही ऐकू येत नव्हतं आणि पाळणाघरात तिला रडणाऱ्या पोरांचे आवाज ऐकायचे होते. ती गेली तशी ह्यांनी लॅपटॉपवर तळहात टेकला. आत पंखा फिरतोय का हे ऐकू येत नव्हतं, म्हणून हाताने बघत होते.

“नवं मशीन आपल्या ऐपतीत नाही,” हे म्हणाले. “आता तू चिडलीस तरी मला कळायचं नाही. भिंत झालो बघ मी.”

गुरुवारी रात्री तसेच न जेवता झोपले. शुक्रवारी सकाळी लॅपटॉप पिशवीत घालून दुरुस्तीच्या दुकानात निघाले. हे जिना उतरत असताना मी दारातून ओरडले, “थांबा, मी केलंय ते!” ह्यांची पाठ माझ्याकडे होती. हे उतरत राहिले. धावत जाऊन दंड धरता आला असता. मी नाही गेले.

मग वहीचा कागद फाडून सगळं लिहून काढलं. तारीख कधी बदलली, परत कधी घातली, सगळं.

दोन तासांनी हे परत आले. दुकानदाराने लिहून दाखवलं होतं, डिस्क पूर्ण पुसू, तुमच्या सीडीवरून प्रोग्राम पुन्हा भरू. ह्यांनी होकार दिला. डिस्क पुसली गेली आणि मग दवाखान्याची ती जुनी सीडी लागेचना. प्रोग्राम गेला. ह्यांच्या कानाचं माप गेलं, त्या बाईचं गेलं, सगळ्यांचीच गेली.

मी कागद पुढे केला. ह्यांनी तो उभ्याउभ्याच वाचला.

“अगं, तारीख हलली एवढं कळलं असतं तरी पुरे होतं! एक फाईल पुसली की पुन्हा चालतं ते. दोनदा केलंय मी. आज सकाळपर्यंत सगळं होतं गं त्यात!”

एवढ्या मोठ्याने बोलले की शेजारचं दार उघडलं. आपला आवाज किती चढलाय हे ह्यांना समजत नव्हतं. मी हुंदके देऊन रडायला लागले. शेजारीण धावत आत आली. ह्यांनी मान वर केली नाही, कागद पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचत होते.