चपला काढून

दुबईत अल मनखूलमध्ये आमच्या बिल्डिंगखाली इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान चालवणारे रत्नागिरीकडचे गृहस्थ मालाची खोट आधी सांगतात. मी मुलीसाठी स्वस्तातला व्हीआर हेडसेट बघायला गेले, तेव्हाही तसंच.

"ताई, याला वायर नको, कॉम्प्युटर नको, हे बरंय. पण नाकावर जड बसतो. बॅटरी दोन तासांत खलास. आणि व्हिडिओत मान चौफेर फिरते, पाऊल मात्र पुढे जात नाही." प्रत्येक वाक्यानंतर ते काउंटरची काच पुसतात, स्वच्छ असली तरी.

मग म्हणाले, "थांबा, दाखवतो." पुतण्याने गावच्या घराचा व्हिडिओ चौफेर कॅमेऱ्याने काढून पाठवला होता. "चार वर्षं जाणं झालं नाही," एवढंच बोलून त्यांनी हेडसेट डोळ्यांवर चढवला. त्यांना दिसत होतं तेच हेडसेटमधून काउंटरवरच्या मोबाइलवर येत होतं, ते मला दिसत होतं. जांभ्याच्या पायऱ्या, सुपात सुकत घातलेली कोकमं, उघडं दार.

ते दाराकडे वळले आणि पायातल्या चपला काढून त्यांनी नीट बाजूला सारल्या. दार बुटकं होतं, म्हणून मान वाकवली. मग पाऊल टाकलं. उंबरठा होता तेवढाच लांब राहिला. त्यांनी आणखी एक पाऊल टाकलं आणि गुडघा काउंटरवर आपटला.

हेडसेट काढून, माझ्याकडे न बघता, ते पायानेच चपला चाचपू लागले.

"बॅटरी गेली," म्हणाले.

मोबाइलवर दार अजून उघडंच दिसत होतं.