घुलेची सही

माझं शेवटचं पोस्टिंग मुलीनं काढलं: हॅनोव्हर. एअर फोर्समधून वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झालो, बायको गेली, इथे आलो. आठवड्यातून तीन दिवस शहराबाहेरच्या एका लहान विमान-संग्रहालयात फुकट काम करतो. इथे त्याला एहरेनआम्ट म्हणतात आणि वर मानही देतात.

संग्रहालय पहिल्या महायुद्धातल्या एका जर्मन फायटर स्क्वाड्रनचं आहे, विमानयुद्धाच्या अगदी सुरुवातीच्या काळातल्या. लाकूड, कापड आणि तारांची विमानं. भिंतीवर वैमानिकांचे फोटो आणि त्यांनी पाडलेल्या विमानांची यादी. लोक तिथे थांबतात. मी थांबतो मेकॅनिकच्या वहीपाशी.

त्यातल्या एका पानावर हेड मेकॅनिकनं लिहिलंय: खालच्या पंखाला तडा, विमान उडवू नये. कमांडरनं त्यावर आडवी रेघ मारून सही ठोकलीय. त्याच सकाळी सूर मारताना पंख तुटला आणि एक तरुण लेफ्टनंट गेला. कमांडरनं त्याच्या घरी कळवलं, मेकॅनिकचा हलगर्जीपणा. ते पत्रही शेजारीच ठेवलंय. जर्मन माणूस कागद टाकत नाही.

आमच्या एअर फोर्समधल्या प्रकरणात हुकूम दाखवणारा असा कागद नव्हता. मी सार्जंट होतो, घुले माझ्या हाताखाली कॉर्पोरल. 0610 ला त्यानं फॉर्म 700 मध्ये, म्हणजे विमानाच्या देखभालीच्या वहीत, लाल शाईनं लिहिलं: कंट्रोल स्टिक मागे ओढताना अडकते. दुरुस्ती होऊन सही पडेपर्यंत असं विमान हलत नाही. फ्लाइट कमांडर कर्णिक आले.

"क्लिअर कर."

"सर, अजून उघडून बघितलं नाहीये."

"मी हलवून बघितलीय. सॉर्टी कॅन्सल होणार नाही. साइन इट."

घुलेनं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. त्यानं सही केली.

0640 ला फ्लाइंग ऑफिसर थॉमसचं टेकऑफ. 0652 ला रेडिओवर त्याचा आवाज आला.

"स्टिक जॅम्ड."

"इजेक्ट. इजेक्ट."

उत्तर आलं नाही.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत कर्णिक म्हणाले, असा हुकूम मी दिलाच नाही. मग मला विचारलं. माझं प्रमोशन तोंडावर होतं. "मी काही ऐकलं नाही, सर," मी म्हणालो. वहीत सही घुलेची होती. त्याची नोकरी गेली.

गेल्या उन्हाळ्यात फ्रँकफर्टची मराठी मंडळी संग्रहालय बघायला येणार होती. यादीत नाव दिसलं: ग्रुप कॅप्टन कर्णिक, निवृत्त, आणि सौ. कर्णिक. मुलाकडे आले असणार. गाइडचं काम मी मागून घेतलं. खोटं कशाला बोलू, मला सूड हवा होता. दोन दिवस झोप नव्हती ती आनंदानं.

कर्णिकांनी मला ओळखलं नाही. मेकॅनिकच्या वहीपाशी मी सगळ्यांना ते पान वाचून दाखवलं आणि त्यांच्याकडे वळलो.

"सर, तुम्ही वैमानिक. चूक कोणाची?"

"ऑफकोर्स कमांडरची. मेकॅनिकनं लिहून दिलं होतं ना!"

"आणि रेघ मारण्याऐवजी त्यानं मेकॅनिककडूनच सही करून घेतली असती तर?"

चोराच्या मनात चांदणं. त्यांनी माझा चेहरा नीट पाहिला.

"सार्जंट जाधव?"

"येस, सर."

मग मी सगळं सांगितलं. सुरुवात माझ्या खोटेपणापासून केली, नाहीतर पुढचं कोणी का ऐकावं? बायामाणसं, पोरं, सगळी उभी राहून ऐकत होती.

"ही जागा नाही, जाधव," कर्णिक म्हणाले.

पण त्यांची बायको त्यांच्याकडे बघत होती.

"अहो, थॉमसच्या आईला पत्र तुम्ही मला सांगितलंत आणि मी लिहिलं. मेकॅनिकची चूक म्हणून. माझ्या हातानं लिहिलं मी ते."

कर्णिक बाकावर बसले. त्या शेजारी बसल्या नाहीत. एकट्याच बसकडे चालत गेल्या. मला बरं वाटलं. आजही वाटतं. माझ्याकडे मात्र त्या मंडळींतल्या कोणी नंतर चहासुद्धा सरकवला नाही, आणि तेही बरोबरच होतं.

फ्लाइंग ऑफिसर थॉमस त्या सकाळीच गेला. कॉर्पोरल घुले त्यानंतर अकरा वर्षांनी, त्याच्या गावी. मी दहाव्याला गेलो होतो. त्याच्या भावानं सांगितलं, मॅट्रिक झालेला माणूस, पण फौजेतून आल्यावर त्यानं कुठेच सही केली नाही. बँकेतसुद्धा अंगठा लावायचा.