फेब्रुवारीची एकतीस तारीख

"प्रोग्राम बनत नाही, की तुला बनवता येत नाही?"

सरांनी माइकवरून विचारलं. धारच्या त्या हॉलमधले सगळे हसले. मी मागच्या रांगेत उभी. हातात त्यांनीच वाटलेली सीडी.

"प्रोग्राम बनवणारा कंपायलर जात बघत नाही," सर पुढे म्हणाले. "तिथं कोटा नसतो. यावं लागतं."

पुन्हा हसू. मी खाली बसले. सकाळी रजिस्टरमध्ये त्यांनी माझं आडनाव वाचलं होतं. तेवढं पुरलं.

मी मध्य प्रदेशातल्या देवासला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये टायपिंग शिकवायचे. बाप अकोल्याकडून कारखान्याच्या नोकरीला आलेला. नोकरी मिळाली ती कॉलनीची गटारं साफ करायची. सर धारचे, जुन्या संस्थानी अधिकाऱ्यांच्या घरातले, कॉलेजात शिकवणारे. त्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी गावातल्या आरोग्य केंद्रांसाठी एक प्रोग्राम लिहिला होता. कोणत्या बाळाला कोणती लस कधी द्यायची, याची यादी तो काढायचा. फुकट होता. वर सोर्सही खुला. म्हणजे तो कसा लिहिलाय ते कोणीही वाचावं, सुधारावं. "हे सगळ्यांचं आहे," असं सीडीवर छापलेलं.

मी उगाच उठले नव्हते. उदयनगरच्या केंद्रातल्या सिस्टरबाई आमच्या क्लासमध्ये महिनाभर शिकून गेल्या होत्या. जानेवारीत त्यांचा फोन आला. "मैडम, मई के आखिर वाले बच्चे लिस्ट में दिख ही नहीं रहे. खसरे का टीका लगना है इनको." खसरा म्हणजे गोवर.

मी सोर्स उघडला. दुपारभरात सापडलं. गोवरची लस नऊ महिन्यांनी द्यायची. प्रोग्राम जन्माच्या महिन्यात नऊ मिळवायचा आणि दिवस तोच ठेवायचा. एकतीस मेचं बाळ, लस एकतीस फेब्रुवारीला. अशी तारीखच नाही. मग तो ते नाव गाळायचा. गुपचूप. यादी छान छापून यायची.

चार ओळी बदलल्या. पण बदललेल्या सोर्समधून चालणारा प्रोग्राम पुन्हा बनवावा लागतो. त्याला बिल्ड म्हणतात. तो होईना. एक फाइल सापडत नाही म्हणे. ती कुठून आणायची, कुठे ठेवायची, कुठंच लिहिलेलं नव्हतं. पंधरा दिवस डोकं आपटलं. म्हणून धारला सरांच्या कार्यक्रमाला गेले. म्हणून उठून म्हटलं, प्रोग्राम बनत नाही.

कार्यक्रम संपल्यावर सरांच्या हातात चिठ्ठी दिली. चूक काय, कोणत्या ओळीत, सगळं लिहून. "पुढच्या व्हर्जनमध्ये बघू," म्हणाले. खिशात घातली.

सिस्टरबाईंना म्हटलं, हाताने यादी करा. त्या म्हणाल्या, जुनी रजिस्टरं जिल्ह्याला जमा झाली, वरून हुकूम आहे, छापील यादीप्रमाणेच जा. तरी आठवेल त्या घरी गेल्या. जंगलातली वस्ती. एक घर या टेकडीवर, दुसरं पलीकडच्या. फेब्रुवारी संपला. मार्चमध्ये बस स्टँडवर एक कंडक्टर दुसऱ्याला सांगत होता, "भिया, उदयनगर तरफ बच्चों को दाने निकल रिये हैं." अंगावर दाणे, म्हणजे गोवर. त्या दिवसापासून क्लासचा फोन वाजला की आधी मी उचलायचे.

फोन आलाच.

"एक बच्ची चली गई," सिस्टरबाई म्हणाल्या.  मग तारीख सांगितली. "इकत्तीस मई की थी."

दुसऱ्या दिवशी धारला सरांच्या घरी गेले. त्यांनी मला ओट्यावर बसवलं. मी पोरीचं सांगितलं. चेहरा उतरला त्यांचा, खोटं नाही बोलणार. माझ्या बदललेल्या सोर्सची सीडी घेऊन आत निघाले. मीही उठले.

"आत नको," सर म्हणाले. "कॉम्प्युटर देवघराला लागून आहे. आईला चालत नाही."

बसले. समोरच्या टपरीवरून चहा आला, प्लास्टिकच्या पेल्यात. तो संपायच्या आत सर नवी सीडी घेऊन बाहेर.

"झालं. एवढंच होतं."

एवढंच. एक चहा.

सीडी मी घेतली. पोरांसाठी घेतली. मग वही काढली. "आता कसं केलंत ते सांगा. इथंच बसून लिहून घेते."

"ते लिहून देता येत नाही. हात बसावा लागतो."

"तुमचा हात घरात बसलाय, सर. मला तुम्ही घरात घेत नाही."

आतून त्यांच्या आईंनी विचारलं, "कोण आलंय रे?"

सर म्हणाले, "कोणी नाही."

मी वही मिटली आणि ओट्यावरून उतरले. बसमध्ये रडू येईल वाटलं होतं. नाही आलं.

सीडी उदयनगरला पोचवली. मग क्लासच्या मशीनवर बिल्ड चालवणारी फाइल ओळीन् ओळ वाचली. महिना लागला. सापडलं ते किती साधं! ती न सापडणारी फाइल कुठे शोधायची याचा पत्ता सरांच्या घरच्या कॉम्प्युटरचा होता. त्यांच्याच नावाचा फोल्डर. सगळ्यांचा म्हणून वाटलेला प्रोग्राम जगात एकाच मशीनवर बनत होता. माझ्या डोक्यात काही कमी नव्हतं.

हरवलेली फाइल मी स्वतः लिहिली. मग बिल्डच्या पायऱ्या सोप्या हिंदीत लिहिल्या आणि सिस्टरबाईंना बोलावून मशीनसमोर बसवलं. चौथ्या ओळीला त्या अडल्या.

"ये फोल्डर कहाँ है मैडम? मेरे में तो नहीं है."

नहीं है, या आपको दिखता नहीं? माझ्या तोंडावर आलं होतं. जीभ चावली.  सरांचं वाक्य माझ्या तोंडात कधी येऊन बसलं होतं? फोल्डर खरंच नव्हता. माझ्या मशीनवर मीच बनवून विसरले होते.

ओळ दुरुस्त केली. त्या पुन्हा अडल्या. पुन्हा केली. संध्याकाळी पाच वाजता सिस्टरबाईंनी प्रोग्राम स्वतः बनवला. हसल्या नाहीत. नवी यादी उघडून मे महिना काढला आणि एका नावावर बोट ठेवून बसून राहिल्या.

त्या पायऱ्यांचे कागद केंद्राकेंद्रांत गेले. सरांचा फोन आला.

"ते कागद मागे घे. उद्या कोणीही उठून बिल्ड करेल. चूक झाली तर जबाबदार कोण?"

"एकतीस मेच्या पोरीला जबाबदार कोण होतं?"

 सर आवाज उतरवून म्हणाले, "तुझ्या क्लासच्या मालकांना मी ओळखतो."

आठ दिवसांत माझी नोकरी गेली. कागद मी मागे घेतले नाहीत. घेणार नाही. आता रेशनच्या, पेन्शनच्या याद्याही कॉम्प्युटरवर चढताहेत. त्यांतही कोणीतरी गळत असेल, आवाज न करता. ज्या प्रोग्रामात गरिबाचं नाव आहे, तो नव्या माणसाला पहिल्याच दिवशी बनवता आला पाहिजे. नाही आला, तर तो खुला नाही. मी तसं तोंडावर सांगणार. समोर कोणीही असो.