वर्गीकरण करणारी

“त्या तिन्ही गोण्या इथे ओता, मावशी,” प्राध्यापक बाई म्हणाल्या. “आणि नीट मिसळा. आम्हाला मिसळलेला कचरा हवाय.”

मावशी म्हणजे माझी आई.

पहाटे पाचपासून ती येरवड्यातल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये कचरा निवडत बसली होती. एका गोणीत दुधाच्या पिशव्या, दुसरीत कडक प्लास्टिक, तिसरीत पुठ्ठा. अकराला भंगारवाल्याचा टेम्पो यायचा होता. आणि आम्ही पर्यावरणशास्त्राच्या एम.एस्सी.चे चौदा विद्यार्थी, तिसऱ्या सत्राच्या पहिल्याच प्रॅक्टिकलला, पांढरे ॲप्रन घालून तिच्यापुढे उभे. ॲप्रन काल इस्त्री केलेले. जर्नलं कोरी.

पद्धत पुस्तकात दिलेली होती. कचऱ्याचा ढीग करायचा, तो पसरून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, उरलेल्यातून कशाचं प्रमाण किती ते काढायचं. म्हणजे शहर काय फेकतं ते कळतं. पण मिसळलेला कचरा आणणारी गाडी त्या दिवशी आली नव्हती आणि बाईंना थांबायला वेळ नव्हता. मग त्यांची नजर भिंतीशी लावलेल्या गोण्यांवर गेली.

आईने माझ्याकडे एकदाच बघितलं. मी मान खाली घातली.

आदल्या दिवशी मीच तिला म्हटलं होतं, “उद्या आमचा वर्ग येणार आहे. तू येऊ नकोस.”

“टेम्पो हाय उद्या. न येऊन कसं चालंल?”

“मग ओळख दाखवू नकोस.”

हे मी माझ्या आईला म्हटलं. जिच्या कचऱ्यावर माझी फी भरली गेली, तिला. प्रवेशाच्या अर्जात आईच्या व्यवसायापुढे मी ‘गृहिणी’ लिहिलं होतं. वर्गात कुणी विचारलंच तर आई आजारी असते म्हणायचे. आईने माझं ऐकलं. अनोळखी बाईसारखी उठली आणि तिन्ही गोण्या ताडपत्रीवर ओतल्या.

“फावडं नको, नमुना बिघडतो. हातानेच मिसळा,” बाई म्हणाल्या.

हातमोज्यांचा डबा बाईंच्या पायाशीच होता. आईने त्याच्याकडे बघितलं.

“ते मुलांसाठी आहेत हो,” बाई म्हणाल्या.

“असू द्या. सवय हाय मला,” आई म्हणाली.

“बघा, ह्यांची प्रतिकारशक्ती,” बाई आमच्याकडे वळल्या. “आपण असतो तर दवाखान्यात पडलो असतो.” सगळे हसले. मीही हसले. तोंडावर मास्क होता, तरी हसले. एकीने मोबाइल पुढे केला. “मावशी, जरा इकडे बघा ना.” आईने बघितलं.

मग आम्ही मोजे घालून निवडायला बसलो. जे आईने पहाटेपासून निवडलं होतं तेच, तिच्यासमोर, पुन्हा. कुणाला काही ओळखू येईना. मला येत होतं. प्लास्टिक बोटांनी दाबलं, जरा चुरगाळून आवाज ऐकला की कुठल्या ढिगात जाणार ते मला सातव्या वर्षापासून कळतं. हात आपोआप चालू लागले.

“अरे वा! हे कुठे शिकलीस?” बाईंनी विचारलं.

आई माझ्यापासून तीन हात अंतरावर बसली होती.

“यूट्यूबवर,” मी म्हणाले.

आईची मान हलली नाही. पायाशी पडलेला एक पुठ्ठा तिने उचलला, सरळ केला आणि बाजूला ठेवला. तो पुठ्ठा अजून मला दिसतो. तेव्हा मला माझ्या तोंडाची किळस आली.

तक्त्यात ‘वर्गीकरण करणारे’ असा रकाना होता. त्यात आम्हा चौदा जणांची नावं पडली. आईसाठी खाली एक ओळ. ‘स्थानिक मदत: १.’

अकराला टेम्पो आला. ड्रायव्हरने ढीग बघितला. “हे काय केलंत, काकू? असला माल मी नेत नाही.” आणि गेला. सकाळभराच्या कामाची माती.

“चला, बसमध्ये बसा,” बाई म्हणाल्या. “हे राहू दे. त्या आवरतील.”

“मी येत नाही,” मी म्हणाले. “ही माझी आई आहे. ढीग आपण केलाय. आवरून मगच जाऊ.”

बाईंनी आधी आईकडे, मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता तरी त्यांना लाज वाटेल.

“मग आधी नाही का सांगायचं?” बाई म्हणाल्या. “तुझ्या आईवर छान केस स्टडी झाली असती.”

बस गेली. चौदातले तेरा जण गेले. मी मोजे काढून ढिगाशी बसले. आईने माझ्या हातावर फटका मारला.

“कशाला बोललीस? गपगुमान शिकायचं सोडून. मी तोंड दाबून बसले ते कुणापायी?”

तिने मला जवळ घेतलं नाही. आम्ही दुपारपर्यंत निवडत होतो.

आठवड्याने जर्नल तपासायला दिलं. कृतीखाली मी लिहिलं होतं: ‘हा शहराचा कचरा नव्हता. आधीच निवडलेला माल प्रॅक्टिकलसाठी पुन्हा मिसळण्यात आला. म्हणून खालचे सगळे आकडे खोटे आहेत.’ आणि वर्गीकरण करणाऱ्यांच्या रकान्यात एकच नाव. आईचं. पूर्ण, आडनावासकट.

बाईंनी लाल पेनने पान कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत खोडलं. “पुन्हा लिहून आण. नाहीतर सही मिळणार नाही.” जर्नलवर सही नसेल तर परीक्षेला बसता येत नाही. हे त्यांना माहीत आहे. मलाही.

त्याच दुपारी मी कार्यालयात जाऊन अर्जातलं ‘गृहिणी’ खोडलं. तिथे ‘कचरावेचक’ लिहिलं. कारकुनाने चष्म्यावरून बघितलं, “नक्की ना?” मी म्हटलं, नक्की.

तेव्हापासून दर सोमवारी जर्नल बाईंच्या टेबलावर ठेवते. त्या न बघता परत सरकवतात. मी पुढच्या सोमवारी पुन्हा ठेवते. परीक्षेला चार आठवडे राहिलेत. वर्ष गेलं तर जाईल. पान तेच राहील. सही करायची असेल तर बाईंना माझ्या आईच्या नावाखाली करावी लागेल.