शेंदराच्या दगडापाशी अडलेला खवलू

ये व बाई, अशी जवळ सरक. दाराशी उभी राहून बोलशील तर कूलरच्या आवाजात मला काही ऐकू यायचं नाही. आणि आधी हे सांग, ‘मावशी म्हातारपणी दुकानात बसून दिवसभर गेम खेळते’ असं गावभर कोणी पसरवलं? तूच ना? अगं, खेळत नाही मी. खेळायचं काम करते. ते वेगळं. बस आता, चहा येईपर्यंत ऐक. मधे फोन पाहायचा नाही.

तर त्या शुक्रवारी दुपारी पुण्याहून केतकीचा फोन आला, तेव्हा ती रडायच्या बेतात होती.

“मावशी, सगळे त्या झाडापाशीच अडकतात! एकही माणूस पुढे जात नाही.”

“जातील. थोडं थांब.”

“थांबू कुठं? सोमवारी दाखवायचंय. पैसे लावणारे लोक नाही म्हणाले तर हा खेळ बंद, आणि मी परत नोकरीला.”

केतकी म्हणजे माझी बॉस. वयानं माझ्या नातीपेक्षा थोडी मोठी. पुण्यात तिची दोन-तीन जणांची कंपनी आहे, गेम बनवणारी. मी इथं वणीत. आधी माझा टायपिंग क्लास होता, मग सायबर कॅफे. मग ज्याच्या-त्याच्या खिशात इंटरनेट आलं आणि माझी कॉम्प्युटरं धूळ खायला लागली, तेव्हा मी त्यांवर गेम लावले. मला कोणी शिकवलं नाही. बटणं दाबत गेले, मरत गेले, शिकत गेले.

केतकीसाठी मी करते त्याला प्लेटेस्ट म्हणतात. भाजी वाढायच्या आधी आपण कोणाच्या तरी तळहातावर थोडी चाखायला देतो ना, तसं. खेळ अर्धाकच्चा असतानाच लोकांना खेळायला बसवायचं, त्यांची मतं ऐकायची आणि तिकडे कळवायची. मतं म्हणशील तर आपल्या वणीत कोळशानंतर तोच माल सगळ्यात जास्त निघतो.

खेळाचा हिरो होता एक खवल्या मांजर. नाव खवलू. उड्या मारतो, शेपटीनं फटका देतो, एक बटण दाबलं की अंगाचा गोळा करून घेतो. जमिनीखाली मोठ्ठं जग, बोगदे, विहिरी, जंगल, आणि त्यातच केतकी म्हणाली ते झाड. अर्धे रस्ते सुरुवातीला बंद. पुढं कुठंतरी नवी कला मिळते, मग मागं येऊन जुना रस्ता उघडायचा. तुला कसं सांगू? तू नवी नवरी होऊन सासरी आलीस तेव्हाचं आठव. पहिल्या दिवशी फक्त स्वयंपाकघर. मग कोठीची किल्ली मिळाली. मग माळ्यावर चढायची परवानगी. घर तेच, पण वर्षभर उघडतच राहिलं. हा खेळ अगदी तसाच, फक्त सासूच्या जागी मोठं वटवाघूळ आहे.

माझे पक्के खेळाडू तीन. एक राठोड, कोळशाचा ट्रक चालवतो, मुकुटबनकडच्या बंजारा तांड्यावरचा. दुसरे जोशी साहेब, खाणीच्या सर्व्हे ऑफिसातून रिटायर झालेले. तिसरी सोनाली आत्राम, झरीकडची, इथं नर्सिंगला आहे. तिघांचं एका गोष्टीवर एकमत झालेलं मी कधी पाहिलं नाही.

नकाशाचंच घे. खेळात नकाशा द्यावा की नाही?

“दिलाच पाहिजे,” जोशी साहेब म्हणाले. “प्लॅन पाहिल्याशिवाय खाणीत उतरलेला माणूस मी आयुष्यात पाहिला नाही.”

“कायले पाह्यजे नकाशा?” राठोड उसळला. “आमचे आजे-पणजे मिठाचे बैल घेऊन सारा मुलूख फिरले. नकाशा होता काय त्यायच्याजवळ?”

“त्यांच्याजवळ नव्हता, बरोबर. पण तू मघापासून एकाच विहिरीत तिसऱ्यांदा पडतो आहेस, राठोड. तुझ्या हाती बैल दिले असते तर अख्ख्या वऱ्हाडानं अळणी खाल्लं असतं.”

“साहेब, तुमी बोलू नका बरं मधात, माही उडी चुकते!”

सोनाली म्हणायची, नकाशा द्या, पण आपण जिथं जाऊन आलो तेवढाच उमटू द्या. “न पाह्यलेलं आधीच दाखवलं तं मंग शोधाचं काय, मावशी?” पोरगी हुशार. पण तिला मेल्यावर फार मागं जावं लागतं याचा भारी राग.

ही सगळी मतं मी केतकीला रोज पाठवत होते. आणि ती बिचारी ऐकत होती! उडी कमी पडते म्हणाले, तिनं उडी वाढवली. तर खवलू छताला डोकं आपटायला लागला. अंधार आहे म्हणाले, तिनं उजेड केला. नकाशा दिला. चेकपॉइंट झाडाजवळ आणला. चेकपॉइंट म्हणजे मेल्यावर जिथून पुन्हा सुरुवात होते ती जागा. इतकं करूनही सगळे झाडापाशीच.

केतकीनं त्या शुक्रवारी मला एक चित्र पाठवलं. त्याला हीटमॅप म्हणतात. खेळाडू जिथं जास्त वेळ घुटमळतात तिथं लाल होतं. बाकी चित्र निळं, आणि त्या झाडाभोवती असं लालभडक, की जणू तिथं जत्रा भरली आहे.

“मावशी, झाडाखालून रस्ता आहे. दगड फोडला की झालं! सगळ्यांना दिसावा म्हणून आमच्या आर्टिस्टनं दगडाला मुद्दाम भडक नारिंगी रंग दिलाय. तो कर्नाटकातला आहे, फार अनुभवी आहे. म्हणतो, असा उठून दिसणारा दगड खेळाडू मारणारच.”

“तू नको सांगू मला,” मी ओरडले. “मला कळलं तर मी त्यांना सांगून टाकीन. माझ्या पोटात राहत नाही.”

पण खरं सांगू? सांगून झालं होतं, तरी माझ्या डोक्यात ते शिरलंच नाही. मी स्वतः त्या झाडाखाली कितीदा तरी जाऊन आले होते. माझ्या लेखी फोडायचा दगड म्हणजे दुसराच कुठला तरी. हा तर… थांब, पुढं ऐक.

शनिवारी दुपारी तिघंही हजर. राठोडच्या हातात कंट्रोलर, म्हणजे खेळायचा बटणांचा रिमोट. झाडापाशी एक वटवाघूळ त्याच्या मागं लागलं. हा पळतोय, उड्या मारतोय, जोशी साहेब “डावीकडे, डावीकडे” करताहेत. वटवाघूळ बरोबर त्या दगडावर उतरलं. राठोडनं शेपटीचा फटका हाणला. वटवाघूळ उडालं आणि फटका बसला दगडाला.

“अर्रर्रर्र!” तिघं एकदम ओरडले. मीही.

जोशी साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. सोनालीनं तोंडावर हात ठेवला. राठोडनं कंट्रोलर मांडीवर टाकला, दोन्ही कान धरले आणि स्क्रीनकडे पाहून म्हणाला, “ए याडी! चुकलो देवा, चुकलो. त्या वाघळाले मारून राह्यलो होतो.”

याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. कुठलाही ट्रक समोरून अंगावर आला तरी तो हेच म्हणतो.

इकडं दगडाला तडा गेला. तुकडे पडले. मागून पिवळा उजेड आला. आम्ही तिघं अजून राठोडलाच रागावतोय.

“मावशी!” सोनाली किंचाळली. “पाहा ना, रस्ता!”

रस्ता! ज्याच्यासाठी केतकी रडकुंडीला आली होती तो रस्ता. मी टाळ्याच पिटल्या. “जा, राठोड, जा आत!”

“म्या नाही जात.”

“काहून?”

“देव फोडून निंगालेला रस्ता कुठी नेईन, मावशी? तुमीच सांगा.” आणि त्या माणसानं सेव्ह न करता गेम बंद केला. बंद! पुन्हा चालू केला तर दगड जागच्या जागी, अख्खा. राठोडनं समाधानानं मान हलवली. “हं. आता बरं दिसते.”

मी केतकीला फोन लावला. हसू आवरेना, बोलता येईना. तिला वाटलं मला काही झालं.

“अवं, तो दगड नाही! तो देव हाय! झाडाखाली गोल दगड, त्याले शेंदरी रंग. कोण मारीन त्याले?”

केतकी म्हणाली, “अरे देवा.” मग म्हणाली, “मावशी, मी जन्मभर महाराष्ट्रात राहिले. मला कसं नाही दिसलं?”

“तुले तो दगड म्हणून माहीत होता. आधी तू बनवला, मंग पाह्यला.”

“आणि तुम्ही? तुम्ही इतक्यांदा खेळलात!”

“मी तं दर वेळेस त्याच्यापुढं गोळा होऊन मंग रस्ता हुडकत होते. हात जोडता येत नाही ना खवलूले.”

आता तिकडून किंकाळीच. “म्हणजे तो बग नव्हता?” बग म्हणजे खेळातली चूक. झालं होतं असं, की वणीहून पुण्याला जाणाऱ्या आमच्या खेळाच्या प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये खवलू त्या झाडाखाली पोचला की अंगाचा गोळा करायचा. क्षणभर थांबायचा, मग रस्ता शोधत फिरायचा. केतकीला वाटलं आमच्या कंट्रोलरचं बटण अडकतंय. मला म्हणे नवा कंट्रोलर पाठवणार होती! आणि आमच्यापैकी कोणी ते मत म्हणून सांगितलं नाही, कारण ते मत नव्हतंच. देवळावरून जाताना हात छातीकडे जातो, ते काय कोणी सांगत बसतं?

“सोपं आहे,” केतकी म्हणाली. “दगडाचा रंग बदलते. करडा करते. दहा मिनिटांचं काम.”

फोन स्पीकरवर होता. तिघं एकदम “नाही!” म्हणाले. बाई, पहिल्यांदा एकमत! मला भरूनच आलं.

“रंग नका बदलवू, ताई,” सोनाली म्हणाली. “त्याच्यापुढं गोळा झालं की दगडानंच बाजूले सरकाव.”

“आणि ज्यांना शेंदूर माहीत नाही त्यांनी काय करायचं?” केतकीनं विचारलं. प्रश्न बरोबर होता. सोमवारी पाहणारे लोक कुठले कुठले होते.

जोशी साहेब खाकरले. “दगडापुढे एक म्हातारा खवल्या बसवा. गोळा होऊन. नवीन माणूस दुसऱ्याचं पाहूनच शिकतो. ऑफिसातही तसंच असतं.”

रविवारी दुपारी नवीन बिल्ड आलं. बिल्ड म्हणजे दुरुस्त केलेला ताजा खेळ. कंट्रोलर राठोडकडेच दिला, मान त्याचा. खवलू झाडाखाली गेला. म्हाताऱ्या खवल्याशेजारी थांबला. गोळा झाला. टिंग करून बारीक घंटा वाजली आणि दगड हळूच, एखाद्या आजोबांनी खाटेवर जागा करून द्यावी तसा, बाजूला सरकला.

दुकानात असा कल्ला झाला की शेजारचा झेरॉक्सवाला पाहायला आला, कोण निवडून आलं म्हणून. जोशी साहेबांनी राठोडच्या पाठीत धपाटा घातला. राठोड आत शिरला, आणि खाली काय जग होतं! चमकणारी बुरशी, पाण्याचे धबधबे. तो दोन पावलं चालला आणि पडला विहिरीत.

“इथं नकाशा पाह्यजे होता,” राठोड म्हणाला. त्या दिवशी जोशी साहेब हसून हसून चष्मा पुसत बसले.

सोमवारी त्या लोकांनी पुण्यात डेमो खेळला. झाडापाशी त्यांच्यातली एक बाई थांबली. म्हाताऱ्या खवल्याकडे पाहिलं. गोळा होऊन पाहिलं. दगड सरकला तशी ती मोठ्यानं हसली आणि आपल्या माणसांना बोलावून पुन्हा तेवढंच खेळली. खेळ मंजूर झाला. केतकीचा फोन आला तेव्हा या खेपेला ती खरंच रडत होती, पण ते चालतं. खेळाच्या शेवटी बनवणाऱ्यांची नावं येतात, त्यात आमच्या चौघांची आहेत. राठोडनं त्याचा फोटो काढून ट्रकच्या काचेवर चिकटवला आहे.

यातून माझ्या धंद्यातली एकच गोष्ट मी शिकले. खेळाडू उडी, उजेड, नकाशा, सगळ्यावर मत देतो. ते ऐकायचं, लिहून घ्यायचं, चहा पाजायचा. पण पाहत राहायचं त्याच्या बोटांकडे. तोंडाला जे सांगायचं सुचत नाही ते बोटं करून मोकळी होतात.

घे, चहा आला. आणि आता अशी महिना-महिना गायब होऊ नको. पुढच्या आठवड्यात केतकीचा नवा भाग येतोय, तेव्हा नक्की ये. नकाशाचं भांडण अजून मिटलेलं नाही, पण तुझं मत नकोय मला. तू फक्त कंट्रोलर धर. मी बाजूला बसून तुझी बोटं पाहते.