काळी पट्टी कुणीच घेईना

रुग्णालय व्यवस्थापनाच्या मुलांची प्रात्यक्षिकं घेता घेता माझे केस पिकले, पण मरायची पाळी माझ्यावर एकदाच आली. तीही महाडात, भर सकाळी, चहा-वडा यायच्या आत.

आमच्या एका विद्यार्थिनीची इंटर्नशिप तिथल्या एका छोट्या हॉस्पिटलात चालू होती. पोरगी हुशार, पण ती बोलायला लागली की ऐकणाऱ्याला कान पुढे करावा लागे. मागच्या खेपेला माझ्याच एका सहकाऱ्याने ‘गर्दी सांभाळता येत नाही’ म्हणून तिला नापास केलं होतं. आता पुन्हा नापास झाली असती तर पदवीही गेली असती आणि त्याच हॉस्पिटलात ठरलेली नोकरीही. मला तिची दया येत होती. पण दयेवर मार्क द्यायचे नाहीत, हा माझा खाक्या.

परीक्षा होती मॉक ड्रिलची. कशेडी घाटात कामगारांची बस उलटली, असं समजायचं. जखमी म्हणून पोलादपूरकडच्या एका वाडीतल्या बायका आणून झोपवल्या होत्या. पोरीने त्यांना बघून हाताला पट्ट्या बांधायच्या. ज्याला आधी उपचार हवेत त्याला लाल, थांबू शकेल त्याला पिवळी, चालता येतंय त्याला हिरवी आणि मेलेल्याला काळी.

झालं! सगळ्यांना लालच हवी. “तिला लाल नि मला हिरवी? मी काय फुकट पडलेय?” अशी जुंपली. पोरगी एकेकीजवळ वाकून समजावत राहिली, तशा त्या हळूहळू गप्प झाल्या. पण काळी पट्टी बघताच एक आजी ताडकन उठून बसली.

“मुडदा बशिवला तुझा! नातवाचं लगीन तोंडावर हाय नि मला मारतेस?”

मग ती पट्टी कुणीच घेईना. पोरीचा चेहरा उतरला. माझं डोकं फिरलं. “आणा इकडे, मीच मरतो!” म्हणत मी स्ट्रेचरवर आडवा झालो आणि चादर डोक्यावरून ओढून घेतली.

“मग मी ह्याची आय,” आजी म्हणाली आणि तिने हंबरडा फोडला. “लेकरा, आता गॅसची टाकी कोण आणील रे!” चादरीखाली मला हसू आवरेना.

तेवढ्यात पोरीचा आवाज आला. ‘शांत व्हा’ वगैरे ती काही म्हणाली नाही.

“आजी, मी इथेच आहे. घरी कुणाला फोन लावू? मुलाचं तोंड बघायचं असेल तर मी तुमच्याबरोबर येते. घाई नाही.”

आजीचं रडं थांबलं. मग आपल्या खऱ्या आवाजात म्हणाली, “माझा धाकटा गेला तवा असं कुणी इचारलं नाय गो. ‘बाजूला व्हा’ एवढंच म्हनले.”

बांगड्या वाजल्या, त्यावरून कळलं की पोरीने तिचा हात धरला. मेलेल्याने नाक ओढू नये एवढी अक्कल मला होती, पण चादर हललीच.

“अगो, मेलेला रडतोय!” आजी ओरडली आणि डोळे पुसत स्वतःच हसत सुटली. सगळी वाडी हसली. मी उठून बसलो. पोरगी पांढरीफटक पडली होती. तिला वाटलं, सगळं बोंबललं.

“सर… पुन्हा घ्यायचं का?”

मी तोंड उघडायच्या आत आजीने माझं मनगट धरलं.

“मी आय हाय ना तुझी? मग ऐक आयचं, मेल्या. पास कर तिला.”

“केली,” मी म्हणालो.