पोस्टरचा खालचा तुकडा

इजिप्तमधल्या तांता शहराच्या बाजारात बटणं-दोरे विकणाऱ्या इन्शिराहबाईंना जुन्या सिनेमांच्या पोस्टरचं वेड. वेड म्हणजे साधंसुधं नव्हे. नवरा गेल्यावर त्याचं कपाट रिकामं केलं ते पोस्टर ठेवायला. आणि पोस्टर अस्सलच हवं, सिनेमा लागला तेव्हाच छापलेलं. कुणी नवी नक्कल पुढे केली, की बाई कागद उलटा करून अंगठा फिरवणार आणि म्हणणार, "याच्या पुड्या बांध बाबा, फुटाणे छान राहतील."

पण जीव अडकला होता तो एका अर्ध्या कागदात. मोठी पोस्टरं तेव्हा दोन तुकड्यांत छापत आणि भिंतीवर जोडून चिकटवत. इन्शिराहकडे वरचा तुकडा होता: नायक, नायिका आणि मागे कंदील धरलेली एक मुलगी. सिनेमाचं नाव, नटनट्यांची नावं, सगळं गेलं खालच्या तुकड्याबरोबर. त्या मुलीच्या उजव्या भुवईत खाच होती. इनायतमावशीच्याही होती, लहानपणी जिन्यावरून पडल्याची.

इनायतमावशी सिनेमासाठी घर सोडून कैरोला पळाली. आजोबा अब्दुल्बारींनी तिचे फोटो जाळले आणि मला एकच मुलगी, असं गावभर सांगितलं. मावशी तिकडेच वारली. तरीही घरात तिचं नाव काढायचं नाही. पोस्टर दाखवलं की इन्शिराहची आई नफीसा म्हणायची, "चष्मा नाहीये माझा." चष्मा नाकावरच असायचा.

मग एक दिवस भंगारवाला रिज्क सांगत आला, "सित्त इन्शिराह, तिकडे महल्ला शहरात शनूदा न्हाव्याच्या दाराला आतून एक पोस्टर चिकटवलंय. नुसते पाय आणि झगे. मुंडकी तुमच्याकडे असतील, बघा."

इन्शिराहने लगेच कपाटातून आपला तुकडा काढला. आई मात्र फिसकन हसली. "गर्दीत उभी राहायची ती. तिचं नाव कोण छापतंय? आणि छापलंच असलं, तर भलतंच नाव घेऊन तोंड लपवलं असेल."

"मग चल माझ्याबरोबर. नाव नसलं तर परत या घरात मावशीचा विषय काढणार नाही. पोस्टरही विकून टाकीन."

"चल," म्हातारी म्हणाली. वयाची ऐंशी उलटली तरी जिंकायची हौस फिटली नव्हती.

मायक्रोबसमधून उतरून दोघी दुकानात शिरल्या, तेव्हा शनूदा एका गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावत होता. इन्शिराहने दार लोटलं आणि गुंडाळून आणलेला आपला तुकडा वर धरला. कंदिलाचा उजेड खाली झग्यावर बरोबर उतरला. सिनेमाचं नाव होतं, नायक-नायिकेची नावं होती. सगळ्यात खालच्या पट्टीवर मात्र वर्षानुवर्षांचा मळ चढलेला.

शनूदा ओलं फडकं घेऊन धावला. "थांब उस्ता, पाणी लावशील तर हात तोडीन तुझा," इन्शिराह म्हणाली आणि लगेच ओशाळली. "शिळा पाव आहे का रे?"

पाव मिळाला. त्यातला गर काढून गोळी केली आणि बाई जमिनीवर फतकल मारून बसल्या. गोळी हळूहळू फिरवायची, काळी झाली की टाकायची, दुसरी घ्यायची. एकेक नाव वर येत होतं आणि एकही मावशीचं नव्हतं. आपण हट्टाने आईला इतक्या लांब आणलं ते हेच दाखवायला का, असं वाटून इन्शिराहला रडूच यायला लागलं.

शेवटची ओळ उरली. 'आणि नवा चेहरा', एवढं आधी दिसलं. मग पुढचं.

"वाच की," आई म्हणाली.

"इनायत अब्दुल्बारी."

नफीसाने पुन्हा वाचायला लावलं. मग काठी टेकत खाली वाकली आणि बापाच्या नावावर बोट ठेवलं. "ज्याने हाकललं त्याचंच नाव लावलं हिने. आणि मी आयुष्यभर..." शनूदाने गिऱ्हाइकाला तसंच साबणासकट सोडून तिच्यासाठी खुर्ची ओढली.

कागद काही सुटण्यासारखा नव्हता, चिंध्याच झाल्या असत्या. इन्शिराह तेच सांगत होती, तेवढ्यात म्हातारीने डोळे पुसले. "उस्ता, मग दारच दे. नवं करून देते तुला. सागवानी."

"आजी, दुकान उघडं पडेल माझं."

"न्हाव्याच्या दुकानातून चोर काय नेणार, केस?"

शनूदा हसत स्क्रू काढायला लागला.

संध्याकाळी छोट्या ट्रकमधून दार तांत्याला आलं. सगळी गल्ली जमली. शेजारची सआदिया पुढे झाली. "नफीसाबाई, हे कसलं दार आणलंत?"

इन्शिराह उत्तर द्यायला वळली, पण आईने तिला हाताने थांबवलं.

"माझी धाकटी बहीण आहे. इनायत," नफीसा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "सिनेमात होती. सांभाळून वर न्या."